आमचं मत नोंदवायचं कुठे? पर्यावरणाच्या हरकती, सूचना आणि जनसुनावण्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरात एक जाहीर सूचना येते, कोणीतरी तिचा फोटो काढून पुढे पाठवतं, आणि पुढचे दोन दिवस माझ्या फोनवर तेच ते प्रश्न येत राहतात. सुनावणीला कोण जाऊ शकतं, ईमेल चालतो का, झाडावर चिकटवलेल्या कागदाचं काय करायचं, सोसायटीत कंपोस्टला विरोध आहे तर पुढे काय. दर वेळी नव्याने टाइप करण्यापेक्षा उत्तरं एकदाच लिहून काढली. प्रश्न विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवलेत. मी वकील नाही, तेव्हा कोर्टाची पायरी चढायची असेल तर वकिलाला विचारूनच चढा.

१. पर्यावरणाच्या बाबतीत सामान्य माणसाचं मत कायद्याने कुठे विचारलं जातं?

मोजक्याच ठिकाणी. मोठ्या प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी देण्याआधी जनसुनावणी होते (प्र. ३). पर्यावरण संरक्षण कायद्याखाली केंद्र सरकारला नवी अधिसूचना काढायची असते, तेव्हा आधी मसुदा राजपत्रात येतो आणि हरकतींसाठी ६० दिवस मिळतात (प्र. २ आणि १२). जनहितासाठी गरज आहे असं सरकारला वाटलं, तर मसुद्याची ही पायरी गाळण्याची मुभाही नियमांतच आहे. शहराचा विकास आराखडा बदलतो तेव्हा नगररचना कायद्याखाली हरकती घेतात. शहरातलं झाड तोडायचं असेल तर नोटीस लागते (प्र. १०). गावात ग्रामसभा असते, आणि वनहक्क कायदा किंवा पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा) लागू असलेल्या भागात तिच्या ठरावाला सगळ्यात जास्त वजन आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला तो याच ग्रामसभेच्या जोरावर.

याबाहेर मत मांडायला कोणाची ना नाही. फक्त ते वाचण्याचं बंधनही कोणावर नाही.

२. मी फेसबुकवर सविस्तर लिहिलंय, ऑनलाइन याचिकेवर सहीसुद्धा केलीय. एवढं पुरे ना?

वातावरण तापवायला उपयोगी, नोंदीला निरुपयोगी. फाइलमध्ये जातं ते सूचनेत दिलेल्या पत्त्यावर किंवा ईमेलवर, मुदतीच्या आत पोचलेलं पत्र. याचिकेवर दहा हजार सह्या असल्या तरी मजकूर एकच असतो, त्यामुळे वाचणाऱ्यासाठी मुद्देही तेवढेच.

ऑनलाइन मोहीम कधी कामाला येते, हे २०२० साली दिसलं. पर्यावरण आघात मूल्यांकनाची (म्हणजे प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल याच्या अभ्यासाची; लोक सर्रास ‘ईआयए’ म्हणतात) नवी अधिसूचना आणण्याचा मसुदा त्या वर्षी ११ एप्रिलला, म्हणजे ऐन टाळेबंदीत, राजपत्रात आला. जनसुनावणीत मत देण्याची ३० दिवसांची मुदत २० वर आणायची, मंजुरीविना सुरू झालेल्या कामांना मागाहून मंजुरी द्यायची, असं बरंच काही त्यात होतं. केंद्राने मुदत ३० जूनपर्यंत वाढवली. दिल्ली उच्च न्यायालयाने ती ११ ऑगस्टवर नेली आणि मसुदा आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांत आणायला सांगितलं. तोपर्यंत मंत्रालयाकडे सुमारे १७ लाख सूचना-हरकती गेल्या होत्या. तो मसुदा अंतिम झालाच नाही. तेव्हा समाजमाध्यमांवरच्या पोरांनी एक शहाणपणा केला होता: नुसता संताप न पसरवता मंत्रालयाचा ईमेल पत्ता आणि शेवटची तारीख पसरवली. अर्थात त्या मसुद्यातल्या काही गोष्टी पुढे सुट्या सुट्या आदेशांतून मागच्या दाराने आल्याच (प्र. १७).

३. जनसुनावणी म्हणजे नेमकं काय? ती आहे हे कळतं कुठून?

१४ सप्टेंबर २००६ च्या ईआयए अधिसूचनेत प्रकल्पांच्या याद्या आहेत: खाणी, औष्णिक वीज, रसायनं, बंदरं, महामार्ग वगैरे. यातल्या बहुतेक मोठ्या प्रकल्पांना मंजुरीआधी लोकांचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. सुनावणी प्रकल्पाच्या जागी किंवा जवळपास व्हायला हवी, आणि प्रकल्प दोन जिल्ह्यांत असेल तर दोन्ही जिल्ह्यांत वेगवेगळी. आयोजन राज्याचं प्रदूषण नियंत्रण मंडळ करतं. अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा त्यांच्या वतीने किमान अपर जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी असतो. सगळ्या कामकाजाचं व्हिडिओ चित्रण होतं.

सूचना किमान ३० दिवस आधी, एका राष्ट्रीय आणि एका स्थानिक भाषेतल्या दैनिकात येते. ती ज्या दैनिकात येते ते तुमच्या गावात येतंच असं नाही. म्हणून महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावरचा जनसुनावणीचा विभाग आठवड्यातून एकदा चाळायचा आणि ग्रामपंचायतीच्या फलकावरून नजर फिरवायची, ही सवय लावून घ्या.

दोन बारकावे. सुनावणीला गणपूर्ती लागत नाही, सात माणसं आली तरी ती झाली असंच धरतात. आणि शेवटी मंडळाच्या प्रतिनिधीने मांडलेल्या मुद्द्यांचं टिपण स्थानिक भाषेत मोठ्याने वाचून दाखवायचं असतं. शेवटची एसटी गाठायला लोक तोवर निघून गेलेले असतात. निदान दोघांनी थांबायचं हे आधीच ठरवून जा. तुमचा मुद्दा टिपणात आला नसेल, तर तो घालून घेण्याची हीच वेळ.

४. सुनावणीत गावाने एकमुखाने नको म्हटलं तर प्रकल्प रद्द होतो का?

नाही. जनसुनावणी हे मतदान नव्हे, हात वर करून मोजणी होत नाही. तिथे मांडलेल्या शंका, त्यावर कंपनीने दिलेली उत्तरं आणि कंपनीचा सुधारलेला ईआयए अहवाल असं सगळं तज्ज्ञ समितीपुढे जातं आणि समिती शिफारस करते. म्हणूनच ‘आमचा विरोध आहे’ एवढंच बोलून खाली बसणं म्हणजे माइक वाया घालवणं (प्र. ६).

खरा कौल घेतल्याची उदाहरणं आहेत, पण त्यांचा रस्ता वेगळा होता. ओडिशातल्या नियामगिरीच्या बॉक्साइट खाणीबाबत सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१३ मध्ये वनहक्क कायद्याचा आधार घेऊन प्रश्न ग्रामसभांकडे सोपवला, आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी नकार दिला. आपल्याकडे रायगडच्या पेण तालुक्यात महामुंबई सेझवर (विशेष आर्थिक क्षेत्र) २१ सप्टेंबर २००८ ला २२ गावांत सरकारनेच मतदान घेतलं होतं. रांगा लावून शेतकऱ्यांनी मत दिलं, निकाल मात्र अधिकृतपणे जाहीर झालाच नाही. (‘जनमत कौल’ म्हटलं की गोव्याच्या माणसाला १६ जानेवारी १९६७ आठवतो, त्याचा निकाल निदान लागला तरी.)

५. मी मूळचा राजापूर तालुक्यातला, पण नोकरी मुंबईत. आमच्याकडच्या सुनावणीत मला बोलता येईल का? ‘बाहेरचे’ म्हणून हाकलतात म्हणे.

कोकणातून येणारा हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि प्रश्नात दुखरी नस आहे. गणपतीला आलेला चाकरमानी घरचा असतो, सुनावणीला आला की बाहेरचा होतो.

अधिसूचनेत लोकांचं म्हणणं ऐकण्याचे दोन भाग आहेत. प्रत्यक्ष सुनावणी स्थानिक बाधितांसाठी. आणि ज्यांचा प्रकल्पाशी काही रास्त संबंध आहे अशा इतरांसाठी लेखी म्हणणं. तुमचं नाव सातबाऱ्यावर असेल तर तुम्ही कुठेही राहा, बाधितच आहात. उताऱ्याची प्रत खिशात ठेवा, कोणी अडवलं तर शांतपणे दाखवा आणि बोलण्याआधी गाव व वाडी सांगा. जमीन अजून आजोबांच्या किंवा चुलत्यांच्याच नावावर असेल (कोकणात असतेच), तर त्यांच्यापैकी कोणाला तरी शेजारी बसवा. दुबईत किंवा अमेरिकेत असाल तर लेखी मार्ग आहेच, ईमेलमध्ये गावचा पत्ता आणि नातं स्पष्ट लिहा.

बोलायला मिळो न मिळो, लेखी निवेदन आधी देऊनच सभागृहात शिरा. माइक हिसकावता येतो, आवक क्रमांक पडलेलं पत्र हिसकावता येत नाही.

६. हरकत लिहायची कशी? नमुना पाठवा ना.

नमुना पाठवत नाही, कारण पाठवला की तोच तीनशे जण नाव बदलून पाठवतात आणि कंपनी तीनशे हरकतींना एकच उत्तर देते.

‘हा विनाशकारी प्रकल्प त्वरित रद्द करावा’ या वाक्याला उत्तर देणं सोपं असतं: ‘नोंद घेतली.’ आता हे बघा: ‘अहवालात आमच्या वाडीमागचा ओढा हंगामी आहे असं म्हटलंय. त्या ओढ्यावर वाडीची नळपाणी योजना मे महिन्यातही चालते, ग्रामपंचायतीची पाणीपट्टीची पावती सोबत जोडली आहे. राखेचं तळं या ओढ्यापासून किती अंतरावर असेल?’ याला ‘नोंद घेतली’ म्हणता येत नाही. चूक दाखवली, पुरावा दिला, उत्तर द्यावंच लागेल असा प्रश्न विचारला. हरकतीला यापलीकडे फार काही लागत नाही.

कुठे बघायचं? बहुतेक अहवालांसाठी हवा, पाणी, जैवविविधता यांची आधारभूत माहिती एकाच हंगामात गोळा केलेली असते, आणि तो हंगाम पावसाळा सोडून असतो. कोकणातल्या माणसाला याचा अर्थ लगेच कळेल. कातळसडा (जांभ्या दगडाचं उघडं पठार) एप्रिलमध्ये काळा ठिक्कर, उजाड दिसतो, अहवालात ‘पडीक जमीन’ म्हणून जातो. ऑगस्टमध्ये त्याच सड्यावर पाणी साचतं, फुलांचे गालिचे पसरतात, गुरं चरतात, आणि खालच्या विहिरींचं पाणी तिथेच मुरतं. पावसाळ्यातले तारखेसकट फोटो तुमच्याकडेच असतात, मुंबई-हैदराबादहून आलेल्या सल्लागाराकडे नसतात. राजापूर तालुक्यातल्या बारसू परिसरातल्या सड्यांवर तर कातळशिल्पंही आहेत, आणि कोकणातली कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत.

तशाच आणखी जागा: अहवालातल्या गावांच्या नावांत गफलत, दुसऱ्याच जिल्ह्याच्या अहवालातून उचललेला परिच्छेद, मासेमारीच्या बोटींची संख्या, शाळा आणि दवाखान्यांची अंतरं, पाणी कुठून घेणार आणि उन्हाळ्यात काय करणार. एका मुद्द्याला एक परिच्छेद, वर क्रमांक, जमलं तर अहवालाचं पान. दोन पानांच्या वर जाऊ नका. शिव्या, अधिकाऱ्यांच्या हेतूबद्दलचे तर्क आणि कविता गाळा. शेवटची सूचना अनुभवातून आहे.

७. अहवाल इंग्रजीत, आठशे पानी. आम्ही वाचणार कसा?

पूर्ण अहवाल मराठीत मिळण्याची सक्ती सध्याच्या अधिसूचनेत नाही, सारांश मात्र मराठीत द्यावाच लागतो. जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद किंवा महापालिका, जिल्हा उद्योग केंद्र अशा ठिकाणी अहवालाची प्रत लोकांना बघायला ठेवलेली असते. सारांश प्रदूषण मंडळाच्या संकेतस्थळावरही टाकतात.

आठशे पानं कोणीच वाचत नाही. सारांशात जे सांगितलंय त्याच्या उलट मूळ अहवालात काही आहे का, एवढंच शोधा. गावातली बारावी झालेली पोरं मोबाइलवर भाषांतर करून एक एक प्रकरण वाटून घेतात, हे मी पाहिलंय आणि ते उत्तम चालतं. मराठी सारांश वेळेत मिळाला नाही, तर हाच हरकतीचा पहिला मुद्दा करा.

८. सुनावणी म्हणजे नाटक आहे. उधळून लावली तर?

राग समजतो. पण २००६ च्या अधिसूचनेत एक कलम आहे, ते गावच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवा. स्थानिक परिस्थितीमुळे लोकांना मोकळेपणाने म्हणणं मांडता येईल अशी सुनावणी घेणं शक्य नाही, असा अहवाल गेला, तर सुनावणीशिवायच पुढे जायचं असं मंजुरी देणारं प्राधिकरण ठरवू शकतं. म्हणजे उधळलेली सुनावणी कधी कधी समोरच्याच्या सोयीची ठरते.

बहिष्काराचंही तसंच. गणपूर्ती नसल्याने (प्र. ३) रिकाम्या खुर्च्यांची सुनावणीही कागदावर पूर्ण होते. बहिष्कार घालायचाच असेल तर त्याची कारणं ग्रामसभेच्या ठरावात लिहा, ठरावाची प्रत मंडळाला द्या, आणि लेखी हरकती तरीही पाठवा. सूचना ३० दिवस आधी आली नाही, सारांश मिळाला नाही, जागा तीस किलोमीटर दूर ठेवली, असे दोष लेखी नोंदवून नवी तारीख मागणं हा आरडाओरड्यापेक्षा कितीतरी धारदार मार्ग आहे.

९. आमच्या शेजारी चाळीस मजली टॉवर येतोय, त्याची सुनावणी कधी?

होणार नाही. २०,००० चौरस मीटरच्या वरच्या बांधकामांना पर्यावरण मंजुरी लागते, पण जनसुनावणीतून त्यांना सूट आहे. तशीच सूट जादा भूसंपादन न लागणाऱ्या रस्ता-रुंदीकरणाला, सिंचन प्रकल्पांच्या आधुनिकीकरणाला, ‘ब-२’ वर्गातल्या (ज्यांना ईआयए अहवाल लागत नाही अशा) प्रकल्पांना, संरक्षणाशी संबंधित कामांना आणि काही अटींवर मंजूर औद्योगिक वसाहतींतल्या कारखान्यांना आहे.

अशा वेळी पर्यावरण मंजुऱ्यांसाठीच्या केंद्राच्या ‘परिवेश’ पोर्टलवर प्रकल्पाचं नाव शोधा. अर्ज, नकाशे, समितीच्या बैठकीचं इतिवृत्त तिथे सापडतं. राज्यस्तरीय समितीला थेट लेखी निवेदन देता येतं. त्यांनी ते विचारात घ्यावंच अशी सक्ती नाही, पण बैठकीआधी पोचलं तर विचारलं जातं असा अनुभव आहे.

१०. आमच्या रस्त्यावरच्या वडावर महापालिकेचा कागद लागलाय. काय करू?

आधी कागदाचा फोटो काढा, कारण पाऊस आणि कंत्राटदार दोघेही तो टिकू देत नाहीत. मग मुदत वाचा. महाराष्ट्राच्या नागरी भागासाठी १९७५ चा वृक्ष संरक्षण व जतन कायदा आहे. त्याखालच्या नोटिशीत हरकतीला बहुधा सात दिवस मिळतात. म्हणजे रविवारी बैठक घेऊ म्हणालात की संपलं.

हरकतीत झाडाचा क्रमांक, बुंध्याचा घेर, अंदाजे वय लिहा. वय महत्त्वाचं, कारण २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षं किंवा त्याहून जुनं झाड ‘वारसा वृक्ष’ ठरतं, आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी झाडं लावण्याचं बंधन येतं. जुना फोटो, शेजारच्या आजोबांचं लेखी निवेदन, काहीही चालेल. घरटी असतील तर त्यांचे फोटोही. आणि पर्याय सुचवा: गटाराची रेघ दोन मीटर सरकवता येते का?

सोसायटीच्या आवारातलं झाडही याच कायद्यात येतं. ‘आमच्या जागेतलं आहे’ हे उत्तर चालत नाही. गावात मात्र १९६४ चा वेगळा कायदा आहे, तो आंबा, फणस, साग, खैर अशा ठरावीक जातींपुरता. शेजाऱ्याने हरकत घेण्याची शहरासारखी पद्धत तिथे नाही.

११. आरेच्या वेळी आम्ही हजारो हरकती दिल्या, झाडं रातोरात तोडलीच. मग हे सगळं कशाला?

या प्रश्नावर मी कधीच पटकन उत्तर देत नाही.

मुंबईत गोरेगावच्या हिरव्यागार आरे कॉलनीत मेट्रो-३ च्या कारशेडसाठी २,६४६ झाडं हटवण्याच्या प्रस्तावावर ८० हजारांहून अधिक हरकती गेल्या होत्या. ऑगस्ट २०१९ मध्ये महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाने तरी मंजुरी दिली. ४ ऑक्टोबरला उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती सुरू झाल्या. ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली, तोवर दोन हजारांवर झाडं पडली होती. ज्यांनी ती रात्र तिथे काढली त्यांना ‘प्रक्रियेवर विश्वास ठेवा’ असं सांगायची माझी हिंमत नाही.

पण त्याच मुंबईत चार वर्षं आधी उलटं घडलं. फेब्रुवारी २०१५ मध्ये शहराच्या विकास आराखड्याचा मसुदा आला. लोक आपापल्या वॉर्डाचे नकाशे घेऊन बसले, आणि वारसा इमारती, प्रार्थनास्थळं, अस्तित्वातले रस्ते कुठे कुठे गायब आहेत ते एकेक करून लिहून दिलं. ६० हजारांहून अधिक हरकती गेल्या. एप्रिलमध्ये तो मसुदा रद्द झाला आणि आराखडा नव्याने करायची पाळी आली.

आणि मोले. गोव्याच्या भगवान महावीर अभयारण्यातून रेल्वे दुपदरीकरण, महामार्ग रुंदीकरण आणि वीजवाहिनी असे तीन प्रकल्प एकदम जाणार होते. विद्यार्थी, शास्त्रज्ञ, चित्रकार, वकील यांनी पत्रं लिहिली, प्रजातींच्या याद्या दिल्या. १ नोव्हेंबर २०२० च्या रात्री गोव्यातल्याच चांदर गावी हजारो लोक रेल्वेरुळांपाशी जमले. सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीने एप्रिल २०२१ मध्ये दुपदरीकरणाविरुद्ध अहवाल दिला आणि २०२२ मध्ये न्यायालयाने त्या कामाची वन्यजीव मंजुरी रद्द केली.

तिन्ही ठिकाणी लोक तळमळीचे होते. माझ्या मते फरक दोन गोष्टींनी पडला. मुंबईच्या आराखड्यातल्या चुका कोणालाही नकाशावर बोट ठेवून दाखवता येत होत्या. मोलेत लोकांनी गोळा केलेली माहिती वाचून बघणारी एक स्वतंत्र समिती होती. आरेत हरकती ऐकणारं आणि निर्णय घेणारं प्राधिकरण एकच होतं आणि त्याचा कल आधीच दिसत होता.

१२. आमचं गाव पश्चिम घाटाच्या ‘इको-सेन्सिटिव्ह’ (पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील) यादीत आहे. विरोध करायचा की पाठिंबा द्यायचा?

ते गावाने ठरवायचं. मी एवढंच सांगेन की पाठिंबाही लेखी द्यावा लागतो. हरकती-सूचनांच्या ढिगात विरोध करणारेच दिसतात, कारण ज्यांना संरक्षण हवंय ते ‘यात काय कळवायचं’ म्हणून गप्प बसतात.

घाटाचा कुठला भाग जपायचा हे सुचवणारे दोन सरकारी अहवाल आहेत: गाडगीळ समितीचा २०११ चा, कस्तुरीरंगन समितीचा २०१३ चा. त्यानंतर मसुदा अधिसूचना पुन्हा पुन्हा निघत राहिली. ३१ जुलै २०२४ ला सहावा मसुदा निघाला. त्यात सहा राज्यांतलं ५६,८२५ चौरस किलोमीटर क्षेत्र आहे, पैकी महाराष्ट्राचं १७,३४० आणि गोव्याचं १,४६१. प्रस्ताव मुख्यतः खाणी, दगडखाणी, नवे औष्णिक प्रकल्प, लाल वर्गातले (सर्वाधिक प्रदूषण करणारे) उद्योग आणि प्रचंड बांधकामं यांवर बंधनं आणण्याचा आहे. ‘घराचं कौल बदलायला दिल्लीची परवानगी लागेल’ हे मात्र कोणीतरी पसरवलेलं आहे. मसुदा वाचा, मग ग्रामसभेत वाद घाला. दुरुस्तीही सुचवता येते: आमच्या हद्दीतला अमुक भाग वगळा, तमुक वाढवा. अशी नेमकी सूचना सरसकट ‘हो’ किंवा ‘नाही’पेक्षा जास्त वाचली जाते.

१३. हरकतीत नाव-पत्ता द्यावाच लागतो का? गावात त्रास होईल.

निनावी पत्राला किंमत नाही, नाव आणि पत्ता हवाच. मोबाइल नंबर मागितला नसेल तर देऊ नका. सुनावणीचं इतिवृत्त नावांसकट जाहीर होतं आणि नेटवर राहतं, हे बोलण्याआधी लक्षात असू द्या. एकट्याला भीती वाटत असेल तर बचत गट, मच्छीमार सोसायटी, देवस्थान समिती किंवा ग्रामसभेच्या नावाने द्या. धमकी आली तर ती लेखी तक्रार म्हणून त्याच दिवशी नोंदवा.

१४. आमच्या सोसायटीत सगळे पर्यावरणप्रेमी, पण कंपोस्टचा ठराव सर्वसाधारण सभेत पडला. आता?

सभेत मत घ्यायलाच नको होतं. दिवसाला १०० किलो किंवा जास्त कचरा होणाऱ्या संकुलाने ओला कचरा आवारातच जिरवावा हा नियमच आहे. नियम पाळायचा की नाही यावर ठराव होत नसतो. ठराव घ्यायचा तो ड्रम की खड्डा, कुठे ठेवायचा आणि माणसाला पगार किती यावर. छोट्या सोसायट्यांना त्या त्या पालिकेचे नियम लागू होतात. पुण्यात गांडूळखत, सौर ऊर्जा, पर्जन्यजल संधारण यांसाठी मिळकतकरात ५ ते १० टक्के सवलत आहे. खजिनदाराला तिथून पटवा, निसर्गाच्या बाजूने नंतर.

आणि विरोधकांचं ऐका. वास, चिलटं, उंदीर ही खरी भीती असते. आमच्याकडे पहिल्या ड्रममधून काळं पाणी गळून दोन महिने एका काकांच्या स्कूटरखाली साचत होतं, तेव्हा ते बोलले त्यात चूक काही नव्हतं. ओल जास्त झाली की वास येतो. वाळलेला पाला किंवा कोकोपीट दुपटीने टाका, उरलेली आमटी-रस्सा गाळून घ्या, आठवड्यातून दोनदा खालीवर करा. तयार खताची पहिली पिशवी मी त्या काकांनाच दिली. त्यांची जास्वंद आता जिन्यात येते, त्याबद्दल वेगळी तक्रार आहे.

१५. स्वतः एसीत बसून, गाडी फिरवून पर्यावरणावर बोलायचा आम्हाला काय अधिकार?

हरकतीच्या अर्जात तो रकाना नाही.

१६. मंजुरी मिळून गेली. आता काही करता येतं का?

येतं, पण घड्याळ चालू झालेलं असतं. पर्यावरण मंजुरीला राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात ३० दिवसांत आव्हान द्यावं लागतं. सबळ कारण असेल तर आणखी ६० दिवस, त्यापुढे दार बंद. महाराष्ट्र, गोवा, गुजरातसाठीचं पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यात आहे. प्रदूषणासारख्या इतर वादांसाठी, कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिने. मंजुरी मिळाल्याची जाहिरात कंपनीला सात दिवसांत दोन स्थानिक दैनिकांत द्यावी लागते. दिवस तिथपासूनच मोजायला लागा, ‘आम्हाला उशिरा कळलं’ यावर विसंबू नका.

एक फसगत बऱ्याच जणांची होते. हे न्यायाधिकरण ठरावीक सात कायद्यांखालचेच वाद ऐकतं: पाणी, हवा, पर्यावरण संरक्षण, वन संवर्धन, जैवविविधता वगैरे. वन्यजीव संरक्षण कायदा त्या यादीत नाही, आणि महाराष्ट्राचा १९७५ चा वृक्ष कायदाही नाही. नुसत्या झाडतोडीसाठी बहुधा उच्च न्यायालय गाठावं लागतं.

कागद हवे असतील तर माहितीचा अधिकार: १० रुपये, ३० दिवस. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा, नाहीतर तेवढ्याच कारणावर परत येतो.

१७. काम आधीच सुरू झालंय, परवानगी नंतर घेऊ म्हणतात. हे चालतं?

मूळ नियम साफ आहे: मंजुरी आधी, काम नंतर. पण ‘मागाहून मंजुरी’ची वाट पुन्हा पुन्हा उघडते. सर्वोच्च न्यायालयाने १६ मे २०२५ ला ती बेकायदा ठरवली, आणि त्याच वर्षी १८ नोव्हेंबरला दोन विरुद्ध एक अशा बहुमताने तो निकाल मागे घेतला. तेव्हा ‘कोर्टाने बंदी घातलीय’ असा जुना मेसेज कोणी पाठवला तर त्यावर हरकत बेतू नका. तुमच्या हातात आहे ते तारखेसकट फोटो, जीपीएसची नोंद आणि प्रदूषण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाला त्याच आठवड्यात दिलेली तक्रार. काम कधी सुरू झालं हाच पुढे वादाचा मुद्दा होतो.

१८. कार्यालयात पत्र घेतात पण पोच देत नाहीत. ‘ठेवून जा’ म्हणतात.

ठेवून जाऊ नका. दोन प्रती न्या. आवक-जावकच्या टेबलावर एक द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक मागा. नकार दिला तर वाद न घालता थेट पोस्टात जा आणि स्पीड पोस्टने पाठवा. ती पावती पत्राच्या प्रतीला टाचून ठेवा. त्याच दिवशी तोच मजकूर सूचनेतल्या ईमेलवरही पाठवा, विषयात प्रकल्पाचं नाव आणि सुनावणीची तारीख लिहा. ईमेल परत आला (पेटी भरलेली असते, चेष्टा नाही), तर परत आल्याचा निरोपही जपून ठेवा. आणि हे सगळं शेवटच्या दिवशी दुपारी चारला करू नका. कार्यालय सुटायच्या आधीच आवकचा माणूस उठलेला असतो.